फ्लेमिंगोचे सगेसोयरे

ठाण्याच्या खाडीत उतरणारा फ्लेमिंगो आता मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. पण या पक्ष्याचा जवळचा नातलग कोण, या प्रश्नानं पक्षिशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ दमवलं. लांबलचक पाय आणि हाडांची ठेवण पाहून तो करकोच्यांच्या घरातला वाटे. बोटांमधला पडदा, चिखलपाणी गाळणारी चोच आणि हंसासारखा आवाज यांवरून तो बदकांचा भाऊबंद ठरे. त्याच्या पिसांत सापडणाऱ्या उवासुद्धा बदकांच्या उवांशी जुळत. थॉमस हक्स्ली यांनी १८६७ साली त्याला सरळ एक स्वतंत्र गट देऊन टाकला आणि तो गट करकोचे आणि बदकं यांच्या मधोमध ठेवला. प्रश्न मात्र सुटला नाही.

असे प्रश्न ढिगानं होते. घुबडाची चोच आणि नख्या शिकारी पक्ष्यांसारख्या, म्हणून ते घारींचं नातलग मानायचं का? शिकार करून पोट भरायचं तर कुणाचीही चोच आकडीसारखी वाकणारच. पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याचे पाय मागे सरकणारच. एकसारखं काम करणारी शरीरं एकसारखी दिसू लागतात आणि त्यात रक्ताचं नातं झाकलं जातं. मॅक्स फ्यूरब्रिंगर यांनी १८८८ साली पक्ष्यांच्या शरीररचनेवर दोन प्रचंड खंड लिहिले. पाठोपाठ हान्स गाडो यांनी हाडं, स्नायू, आतडी अशी कित्येक लक्षणं पडताळून वर्गीकरण मांडलं. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत या विषयात फारशी भर पडली नाही. १९५९ मध्ये जर्मनीतले ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांनी तर उघडपणे हात टेकले. पक्ष्यांच्या मोठ्या गणांचं एकमेकांशी नातं काय, हे आपल्या हाती असलेल्या साधनांनी कळणार नाही, असं त्यांनी लिहून टाकलं.

हे होत असताना अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले एक प्राध्यापक अंडी फोडत बसले होते.

चार्ल्स गॅल्ड सिबली यांचा जन्म १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलात पॅसिफिकमध्ये नोकरी केली आणि १९४८ साली बर्कलीहून डॉक्टरेट मिळवली. त्यांचं सुरुवातीचं काम मेक्सिकोतल्या टोही नावाच्या पक्ष्यांवर होतं. या पक्ष्यांच्या दोन जाती जिथे एकमेकींना भेटतात तिथे त्यांचा संकर होतो, आणि त्या संकराचा माग काढत सिबली डोंगरामागून डोंगर फिरले. जात म्हणजे काय आणि ती वेगळी कधी होते, या प्रश्नाशी त्यांची गाठ तिथे पडली. रंग आणि आकार यांच्या भरवशावर किती चालायचं, ही शंकाही बहुधा तिथलीच.

१९५३ मध्ये ते कॉर्नेलला आले आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाकडे मोर्चा वळवला. विचार सरळ होता. प्रथिनं जनुकांच्या हुकमानुसार घडतात, तेव्हा पक्ष्याच्या बाह्यरूपापेक्षा प्रथिनं वंशाची साक्ष अधिक खरी देतील. शिवाय अंडं फोडलं की प्रथिनांचा स्वच्छ साठा आयता हाती येतो. ओलसर गाळणकागदाच्या पट्टीवर बलकाचा थेंब ठेवायचा आणि दोन टोकांना वीज जोडायची. प्रत्येक प्रथिन आपापल्या विद्युतभाराप्रमाणे कमी-जास्त अंतर सरकतं. मग पट्टी रंगवली की त्यावर पट्टे उमटतात. कोंबडीच्या पट्ट्यांची मांडणी एक, कबुतराची दुसरी. सिबलींनी जगभरच्या पक्षिनिरीक्षकांना आणि अंडी जमवणाऱ्यांना पत्रं लिहून बलक मागवला आणि १९६० साली पहिला मोठा निबंध प्रसिद्ध केला.

१९६५ मध्ये ते येल विद्यापीठात गेले आणि १९७० ते १९७६ या काळात तिथल्या पीबडी संग्रहालयाचे संचालक होते. हे संग्रहालय भारतीय वाचकाला अगदीच परकं नाही. सालिम अली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिणारे डिलन रिपली सिबलींच्या आधी काही वर्षं याच संग्रहालयाचे संचालक होते. त्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये आला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पाणबुड्या डायव्हरांनी सुरू झाला. डायव्हर आणि टिबुकल्या हे प्राचीन, ओबडधोबड घडणीचे पक्षी, म्हणून त्यांचा मान पहिला, अशी त्या काळची समजूत होती.

फ्लेमिंगोचा प्रश्न सिबलींनी १९६९ साली आपल्या पट्ट्यांवर घेतला. बलकातली प्रथिनं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कल बगळे-करकोच्यांकडे झुकला. पण खात्री काही पटेना. पट्ट्यांची पद्धत जवळच्या नातलगांना ओळखायला चांगली होती. दूरच्या नात्यांत मात्र पट्टे वेगवेगळ्या कारणांनी एकाच जागी येऊन बसत आणि फसवत. अंड्यांच्या मागे धावताना एक गालबोटही लागलं. परदेशातून साहित्य आणताना वन्यजीवांविषयीच्या कायद्याचा भंग झाला म्हणून सत्तरच्या दशकात सिबलींना दंड भरावा लागला. त्यांचा स्वभाव आधीच तापट, मतं ठाम आणि बोलणं परखड. या प्रकरणानं त्यांच्या विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं.

प्रथिनांवरून मूळ जनुकद्रव्याकडे, म्हणजे डीएनएकडे, जाण्याची वाट वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत तयार होत होती. डीएनएचे दोन धागे एकमेकांत चेनसारखे गुंतलेले असतात. पाणी उकळीजवळ नेलं की चेन उघडते, निवू दिलं की पुन्हा लागते. मग एका पक्ष्याचा सुटा धागा आणि दुसऱ्या पक्ष्याचा सुटा धागा एकत्र निवू दिले तर? दोन्ही पक्षी जवळचे असतील तर दात जुळतील आणि ही मिश्र जोडी घट्ट बसेल. दूरचे असतील तर मध्ये मध्ये दात चुकतील, आणि अशी ढिली जोडी कमी तापमानातच सुटेल. ती किती अंशांना सुटते ते मोजलं की दोन पक्ष्यांमधलं अंतर आकड्यात मिळतं. डीएनएमधले बरेच तुकडे पुन्हा पुन्हा येणारे असतात आणि ते या मापनात गोंधळ घालतात, हे १९६८ मध्ये ब्रिटन आणि कोन यांनी दाखवून दिलं. ते तुकडे आधी काढून टाकायचे कसे हे कळल्यावर पद्धत वापरण्याजोगी झाली.

सिबली आणि त्यांचे दीर्घकाळचे सहकारी जॉन आल्क्विस्ट यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हे काम हाती घेतलं. पक्ष्यांच्या बाबतीत निसर्गानं एक सोय करून ठेवली आहे. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या पेशीत ते असतं. त्यामुळे रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातूनही भरपूर डीएनए मिळतो आणि त्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. जगभरातून रक्ताच्या नळ्या येल विद्यापीठात येऊ लागल्या.

प्रयोगशाळेतली कृती कंटाळवाणी होती आणि सगळं बळ त्या कंटाळवाणेपणातच होतं. एका पक्ष्याच्या डीएनएचे सुमारे पाचशे अक्षरांचे तुकडे करायचे, पुनरावृत्तीचा भाग गाळायचा आणि उरलेल्यावर किरणोत्सारी आयोडिनची खूण लावायची. त्यात दुसऱ्या पक्ष्याचा बिनखुणेचा डीएनए हजार पटीनं जास्त मिसळायचा, म्हणजे खुणेच्या धाग्याला आपल्याच भावाशी जोडी जमवायला वाव उरत नाही. हे मिश्रण ६० अंशांवर १२० तास ठेवायचं. मग ते एका विशिष्ट खनिजाच्या भुकटीनं भरलेल्या नळकांड्यात घालायचं. ही भुकटी जोडीतले धागे धरून ठेवते, सुटे सोडून देते. ५५ अंशांपासून सुरुवात करून अडीच-अडीच अंशांनी तापमान वाढवत ९५ अंशांपर्यंत जायचं, प्रत्येक पायरीवर सुटलेले धागे धुऊन घ्यायचे आणि त्यांतला किरणोत्सार मोजायचा. निम्मे धागे कोणत्या तापमानाला सुटले, तो आकडा वहीत. पुढची जोडी घ्यायची. या कामासाठी त्यांनी ‘डीएनएलायझर’ नावाचं स्वयंचलित यंत्र उभं केलं, आणि ते रात्रंदिवस चालू राहिलं.

१९८६ पर्यंत सुमारे १,७०० जातींच्या २६,००० हून अधिक मिश्र जोड्या मोजून झाल्या होत्या. एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतून निघालेला हा पसारा थक्क करणारा आहे. कोणत्याही प्राणिवर्गाच्या वंशावळीवर रेण्वीय पातळीवर त्याआधी इतकं मोठं काम झालं नव्हतं.

या आकड्यांतून निघालेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ऑस्ट्रेलियाची. युरोपातून तिथे गेलेल्या वसाहतवाल्यांनी तिथल्या पक्ष्यांना आपल्या गावाकडची नावं दिली. रेन, रॉबिन, वॉर्ब्लर, फ्लायकॅचर, ट्रीक्रीपर. शास्त्रज्ञांनीही पुढे त्यांना युरोप-आशियाच्या त्याच कुटुंबांत बसवलं. हे पक्षी आशियातून लाटालाटांनी ऑस्ट्रेलियात गेले, असा इतिहासही रचून झाला. सिबली आणि आल्क्विस्ट यांच्या मापनात ऑस्ट्रेलियाचा रॉबिन युरोपच्या रॉबिनपेक्षा ऑस्ट्रेलियाच्याच वॉर्ब्लरला जवळचा निघाला. म्हणजे त्या खंडावर गाणाऱ्या पक्ष्यांचा एक स्वतंत्र विस्तार झाला होता आणि त्यातूनच युरोपातल्या पक्ष्यांशी मिळतीजुळती रूपं पुन्हा नव्यानं घडली होती. शिवाय हाच गोतावळा कावळ्यांचाही निघाला. श्राद्धाच्या घासाला शिवणारा आपला कावळा, शेतातला कोतवाल, आमराईत शीळ घालणारा पिवळाधमक हळद्या आणि लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक हे सगळे सिबलींच्या वर्गीकरणात एकाच कुटुंबात आले. आज ती कुटुंबं पुन्हा वेगळी मोजतात, पण हे सगळे एकमेकांचे जवळचे सोयरे आहेत आणि त्यांच्या मोठ्या घराण्याचं मूळ ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या बाजूला आहे, हा निष्कर्ष टिकला. नंतरच्या जनुकक्रमांच्या अभ्यासांनी तर जगातले सगळेच गाणारे पक्षी त्या दक्षिणेकडच्या भूभागातून पसरल्याचं दाखवलं.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. साळुंकीच्या कुटुंबाचे जवळचे नातलग कोण, तर अमेरिकेतले मॉकिंगबर्ड, असं त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. दिसण्यावरून हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नसतं. हेही पुढे खरं ठरलं.

त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांची वेस ओलांडली. हेच तंत्र वापरून माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांची मापनं घेतली आणि चिंपांझी गोरिलापेक्षा माणसाला जवळचा, असं जाहीर केलं. माणसाचा प्रश्न आला की दुसऱ्याचे डोळे आपोआप बारीक होतात. तीन मानवशास्त्रज्ञांनी आणि रेणुशास्त्रज्ञांनी, म्हणजे जोनाथन मार्क्स, कार्ल श्मिड आणि व्हिन्सेंट सॅरिच यांनी, मूळ नोंदी तपासल्या. काही आकडे प्रयोगातल्या त्रुटींची भरपाई म्हणून बदललेले आढळले. असे बदल करण्यामागे कारणं असू शकतात, पण ते केल्याचं निबंधात कुठे लिहिलेलं नव्हतं. १९८८ मध्ये हे प्रकरण उघडपणे छापून आलं आणि मोठा गदारोळ झाला. योगायोग असा की अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं प्राणिशास्त्रातलं मानाचं एलियट पदक सिबलींना दिलं ते याच वर्षी.

दुसऱ्याच वर्षी अडाल्गिसा काकोने आणि जेफ्री पॉवेल यांनी, तेही येलमध्येच, स्वतंत्र मापनं करून चिंपांझीबद्दलचा निष्कर्ष बरोबर असल्याचं दाखवलं. आज तो शाळेच्या पुस्तकात आहे. तरीही मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची तक्रार रास्त होती, असंच मला वाटतं. उत्तर बरोबर निघालं म्हणून गणित लपवायची मुभा मिळत नाही. विज्ञानात दुसऱ्यानं तेच आकडे घेऊन तीच वाट चालून पाहायची असते, आणि वाटेवरचे दगड आधीच कुणीतरी उचललेले असतील तर ते त्याला सांगायला हवं.

पक्ष्यांच्या कामावरही हाच आक्षेप आला, थोड्या वेगळ्या रूपात. १९८६ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक पक्षिशास्त्र परिषद भरली. तिथे सिबली आणि आल्क्विस्ट यांनी आपला लांबलचक वंशवृक्ष भिंतीवर लावला. ‘टॅपेस्ट्री’, म्हणजे चित्र विणलेला पडदा, हे नाव त्याला पडलं आणि ते चिकटलं. आयुष्यभर एखाद्या कुटुंबाचा अभ्यास केलेली माणसं आपला पक्षी कुठल्या फांदीवर बसवला आहे ते त्यावर शोधत होती. पण १,७०० जातींच्या सगळ्या जोड्या मोजायच्या तर चौदा लाखांवर मोजण्या लागतात. झाल्या होत्या सव्वीस हजार, म्हणजे शंभरामागे दोनसुद्धा नाहीत. उरलेल्या जागा सरासरी आणि अनुमान यांनी भरल्या होत्या. सगळ्या पक्ष्यांचा डीएनए एकाच गतीनं बदलतो असं बव्हंशी गृहीत धरलं होतं. एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे ४५ लाख वर्षं, हे घड्याळ त्यांनी शहामृग आणि दक्षिण अमेरिकेतला रिया यांना अटलांटिक महासागरानं कधी वेगळं केलं असेल यावरून लावलं होतं. उशिरा वयात अंडी घालू लागणाऱ्या पक्ष्यांत ते घड्याळ मंद चालतं, हे पुढे त्यांनीच मान्य केलं.

१९९० मध्ये आल्क्विस्ट यांच्यासोबतचा जवळपास हजार पानांचा ग्रंथ आणि बर्ट मन्‍रो यांच्यासोबतची जगातल्या ९,६७२ पक्षिजातींची यादी प्रसिद्ध झाली. या वर्गीकरणात एकट्या करकोच्यांच्या गणात हजारावर जाती होत्या. घारी, कुरव, पेंग्विन, टिबुकल्या, बगळे, फ्लेमिंगो असे सगळे त्या एका गणात कोंबलेले. अमेरिकेतल्या संस्थांनी ही मांडणी स्वीकारली नाही, आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या अभ्यासकांनी मात्र ती आपलीशी केली. पौर्वात्य प्रदेशातल्या पक्ष्यांची १९९६ ची इन्स्किप यांची यादी तिच्यावर बेतलेली होती. १९९८ साली ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं भारतीय उपखंडाचं जाडजूड पुस्तक त्याच क्रमानं आलं. सालिम अलींच्या पुस्तकांवर वाढलेल्या पक्षिमित्रांना ते चाळताना काहीच जागेवर सापडेना. सुरुवातच तित्तिरांच्या कुळापासून! त्याच वर्षी १२ एप्रिलला सिबली यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत तर त्यांच्या हयातीतच मागे पडली होती. डीएनएची अक्षरं सरळ वाचता येऊ लागल्यावर तापमानाच्या आडवाटेनं अंतर मोजायची गरज उरली नाही. नव्या वाचनात त्यांचे बरेच निकाल उलटले. अमेरिकेतली गिधाडं करकोच्यांची बहीण असल्याचं त्यांनी सांगितलं होतं, ती घारी-गरुडांचीच निघाली. ससाण्यांना त्यांनी घारींजवळच ठेवलं होतं. २००८ साली १६९ जातींची १९ जनुकस्थानं तपासून निघालेल्या वंशवृक्षात ससाणे पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेजारी जाऊन बसले. आणि फ्लेमिंगो? बदकं नव्हेत, करकोचे नव्हेत, बगळेही नव्हेत. त्याची सख्खी बहीण निघाली टिबुकली, आपल्या गावतळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी. २००१ च्या सुमारास हे प्रथम पुढे आलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं. सिबलींनी दोघांना एका मोठ्या गणात घातलं होतं खरं, पण त्या गर्दीतलं हे नातं त्यांच्या यंत्राला दिसलं नाही.

तरीही कोंबड्या-तित्तिर आणि बदकं-हंस ही एकमेकांची जवळची मंडळी असून उडणाऱ्या बाकी सगळ्या पक्ष्यांपासून फार आधी वेगळी झाली, हा त्यांच्या आकड्यांनी उचलून धरलेला निष्कर्ष आज पक्का आहे. म्हणूनच भारतीय पक्ष्यांच्या नव्या याद्या अडईसारख्या बदकांपासून सुरू होतात. श्ट्रेझेमान यांनी अशक्य म्हणून सोडून दिलेला प्रश्न सोडवता येतो, हे सिबलींनी दाखवून दिलं, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या चुकांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. त्यांच्यावर टीका करणाऱ्या कित्येकांनी आपलं पुढचं काम त्यांना खोडून काढण्यासाठीच सुरू केलं.

२०१४ च्या त्या ४८ जनुकसंचांची माहिती निबंधांबरोबरच जगातल्या कुणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली गेली. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः मोजून पाहावं. सिबलींच्या सव्वीस हजार मापनांच्या बाबतीत ही सोय वेळेवर झाली असती, तर त्यांच्या नावाला चिकटलेला वाद दहा वर्षं आधी मिटला असता आणि त्यांच्या चुकाही तेवढ्याच लवकर सापडल्या असत्या.